चार राजकीय चिन्हं

आमच्या घरात चौथीच्या पुढे शिकलेलं माणूस म्हणजे मी. बाबांची चौथी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाली, मराठीत. आई शाळेत गेलीच नाही. मी बी.ए. झाले तेव्हा बाबा निकालाचा पेपर आरा मशीनवर, म्हणजे ते कामाला होते त्या लाकूड कापायच्या गिरणीत, घेऊन गेले आणि संध्याकाळी परत घेऊन आले. कोणाला दाखवला ते त्यांनी सांगितलं नाही. पण पेपरावर लाकडाच्या भुशाची बोटंच बोटं उमटली होती, म्हणजे बऱ्याच जणांनी हातात घेतला असणार.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या डिग्रीचा वाटा आहे. मला तिचा गर्व होता. आजही आहे.

माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी घरातली, तीही आमची भंडाऱ्याकडची. करून राहिली, जाऊन राहिली, काहून, तं, मले. वाचायला शिकले ते बाबांकडून आणि शेजाऱ्यांकडे नागपूरहून येणाऱ्या जुन्या मासिकांवरून. तरीही जबलपुरातल्या मराठी समाजाच्या प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली. कारण साधं होतं. पुस्तकं हिंदीतली झाली होती, पण प्रार्थना, फळा आणि आठवड्याचे तीन तास मराठी, हे समितीने सोडलं नव्हतं. दोन्ही भाषा येणारी आणि डिग्री असलेली बाई हवी होती. तशी मीच मिळाले.

नोकरी एक वर्ष कच्ची होती. डिसेंबरात समितीची बैठक व्हायची आणि तिथे मला पक्कं करायचं की नाही हे ठरायचं. बाबांनी कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दाराला नवी फळी बसवायचं ठरवलं होतं. त्यावर माझं नाव आणि पुढे 'शिक्षिका' असं कोरायचं होतं. सागाचा तुकडा त्यांनी मशीनवरून आणून, रंधा मारून, खाटेखाली ठेवला होता. पण कोरायला घेत नव्हते. "पक्की होऊ दे," म्हणायचे. "लाकडावरचं पुसता येत नाही."

माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. बाबा जिथे थांबले तो वर्ग. मला त्यांना चालू घडामोडी आणि आपलं राज्य शिकवायचं होतं, आणि त्यासाठी मी एक पद्धत लावली होती. वर्गाबाहेरच्या वऱ्हांड्यात एक लहान फळा होता, त्यावर रोज तीन बातम्या. एक पेपरातली, एक घरी ऐकलेली आणि एक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. लिहायची मुलांनी, खडूने, एका वाक्यात. मी शब्द दुरुस्त करायचे, बातमी नाही. आणि एकदा लिहिलेली बातमी शाळा सुटेपर्यंत कोणी पुसायची नाही, मीसुद्धा नाही. हा माझा नेम होता आणि मुलांना तो फार आवडायचा, कारण बाईंनाही ज्याची बंदी आहे अशा गोष्टी शाळेत कमी असतात.

पेपरातल्या बातम्या मुलं दिल्ली, भोपाळच्या आणायची आणि त्या कोणाच्या लक्षात राहायच्या नाहीत. डोळ्यांनी पाहिलेल्या मात्र राहायच्या. तिलवाऱ्याच्या पुलावर उसाची ट्रॉली उलटली आणि पोलिसाने पण ऊस खाल्ला. वर्गाची मॉनिटर असलेल्या मुलीचे वडील नर्मदेवरच्या ग्वारीघाटला फुलं आणि पूजेचं सामान विकायचे. ती रोज घाटाचीच बातमी आणायची. आज पाणी चौथ्या पायरीवर आहे. आज पाचव्या पायरीवर आहे. दुसरी मुलं कंटाळली, म्हणाली, दीदी, हिला दुसरं काही लिहायला सांगा. शाळेचा नियम 'बाई' म्हणायचा होता, पण मुलांच्या तोंडी दीदीच यायचं. मी म्हटलं, नदीचं पाणी किती आहे याच्यापेक्षा मोठी बातमी जबलपुरात कोणती? आणि ती लिहीत राहिली.

छत्तीसगड वेगळं होऊन चार वर्षं होत आली होती, पण वर्गातला नकाशा जुनाच होता. त्यात बस्तर आपलंच होतं. नवा नकाशा येत नव्हता आणि जुन्यावर रेघ मारायला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, देत नव्हत्या. म्हणून मी नव्या सीमेवर पिवळी सुतळी टाचणीने लावून टाकली. एका पोराने विचारलं, बारासिंगा कोणाकडे राहिला? मी म्हटलं, आपल्याकडे. त्यांनी रानम्हैस घेतली आणि पहाडी मैना. हे ऐकून वर्गाला बरं वाटलं, जसं वाटणीत आपल्या बापाला चांगलं शेत आलं.

त्यावरून मला सुचलं की राज्याच्या चिन्हांचा एक तक्ता करावा. स्थापना दिवस एक नोव्हेंबरचा. पण त्या वर्षी लगेच दिवाळीची सुट्टी आली आणि तक्ता मागे पडला. सुट्टी संपल्यावर मी मोठा पुठ्ठा आणला, वर माझ्या अक्षरात ठळक लिहिलं, 'आपल्या राज्याची राजकीय चिन्हे', आणि खाली चार चौकोन आखले. चौकोनांत काही लिहिलं नाही. प्राणी, पक्षी, झाड, फूल हे मुलांनी शोधून काढायचं होतं. उत्तर आधी सांगितलं की मुलं शोधत नाहीत, असा माझा सिद्धांत होता. फुलाच्या बाबतीत तर दोन गाइडांत दोन नावं होती, एकात पळस, दुसऱ्यात लिली, तेव्हा मलाही उत्सुकता होती. वर्गात सांगितलं की आपली राजकीय चिन्हं चार आहेत, घरी विचारा, चित्रं आणा, जो आधी आणेल तो चिकटवेल. मॉनिटरने गोंद सांभाळायचा.

हिंदीत राजकीय पशू म्हणजे राज्याचा प्राणी. राजकीय पक्षी म्हणजे राज्याचा पक्षी. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी हेच वाचलं होतं, हेच घोकलं होतं, याच्यावर मला गुण मिळाले होते. तक्त्यावर मी मराठी वाक्य लिहिलं, आणि हा एक शब्द त्यात तसाच उचलून ठेवला. मराठीत तो दुसऱ्याच कामाला आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. घरी आम्ही पुढाऱ्यांच्या धंद्याला 'राजनीती' म्हणायचो, नाहीतर सरळ 'पॉलिटिक्स'.

आता हेही सांगायला हवं की तेव्हा शहरात नगर निगमच्या निवडणुका होत्या. आमच्या शाळेच्या वार्डात उमेदवार उभे होते चार.

मुलांनी घरी जाऊन विचारलं. ज्या घरी नागपूरचा पेपर यायचा त्या घरच्या वडिलांनी म्हटलं, राजकीय चिन्हं? हो, चारच आहेत आपल्या वार्डात. बरोबर सांगितलं बाईंनी. आजकाल हे पण शिकवतात वाटतं. आणि चित्रं शोधायला कुठे जायची गरज नव्हती, गल्लीत उमेदवारांचे चिन्हं छापलेले पर्चे पडले होते. बारासिंग्याचं चित्र स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणावं लागतं. ज्या हिंदी घरांत अर्थ बरोबर समजला, ती मुलं दुकान उघडायची वाट पाहत राहिली. पर्चेवाली मुलं दुसऱ्याच दिवशी हजर.

त्या दिवशी, गुरुवारी, मोठ्या बाईंनी मला दुपारनंतर शिक्षण कार्यालयात फॉर्म जमा करायला पाठवलं. रांग मोठी होती, मी तिथूनच घरी गेले. माझ्या मागे मॉनिटरने गोंद काढला, चौघांनी आधी आणलेली चार चित्रं चार चौकोनांत चिकटवली आणि तक्ता वऱ्हांड्यात, बातम्यांच्या फळ्याशेजारी, खिळ्याला टांगला. मी लावलेल्या पद्धतीप्रमाणे सगळं काम चोख झालं होतं.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तर वऱ्हांड्यात गर्दी. आमच्या शाळेत मतदान व्हायचं होतं, त्यासाठी खोल्या पाहायला निवडणुकीचे एक अधिकारी आले होते. सोबत मोठ्या बाई, आणि किल्ल्या घेऊन समितीचे सचिव. सचिव व्यवसायाने वकील. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेले, आणि एवढ्या पिढ्या हिंदीत राहूनही त्यांच्या घरची मराठी पुस्तकातल्यासारखी होती. मुलाखतीच्या दिवशी मी म्हटलं होतं, मी एम.ए. पण करून राहिली. त्यांनी हसून म्हटलं, "करते आहे म्हणा. राहायचं तिथे राहा, पण करताना करा." तेव्हापासून त्यांच्यासमोर मी वाक्य आधी मनात जुळवून मगच बोलायचे.

तक्त्याकडे पाहिलं आणि मला काय झालं आहे ते चटकन कळलंच नाही. पहिल्या चौकोनात कढई. दुसऱ्यात छत्री. तिसऱ्यात शिलाई मशीन. चौथ्यात शिडी, पण आडवी. चौकोन मी रुंद आखला होता, उभी शिडी त्यात मावत नव्हती, तेव्हा मुलांनी ती झोपवली होती.

शिडी सचिवांच्या मेहुण्यांची होती.

अधिकारी हिंदीवाले. त्यांनी वरची ओळ वाचली, ती त्यांना बरोबर समजली, आणि खालची चित्रं पाहून ते माझ्याकडे वळले. "मैडम, मध्य प्रदेश का राजकीय पशु कढ़ाई है? कब से?"

मोठ्या बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. सचिव हसले नाहीत. त्यांनी तीच ओळ मराठीत वाचली होती. त्यांना चित्रांत काही चूक दिसत नव्हती, चूक मथळ्यातच होती. "आपण चौथीच्या मुलांना राजकारण शिकविता?" त्यांनी विचारलं. "आणि कोणाला पाडायचं तेही?"

मी म्हटलं, राज्याची चिन्हं आहेत साहेब. ते म्हणाले, शिडी? अधिकारी म्हणाले, आचारसंहिता लगी है मैडम, यह मतदान केंद्र है. एकाच ओळीवरून दोन माणसं मला दोन वेगळ्या गुन्ह्यांबद्दल रागावत होती आणि दोघांनाही एकमेकांचं म्हणणं नीट कळलं नव्हतं. ते दोघांना समजावून सांगणं मला त्या वेळी जमलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माझी जीभच अडकली. करून राहिले म्हणावं की करते आहे, एवढ्यातच मी गुंतून पडले.

तक्ता उतरवला. अधिकाऱ्यांनी लेखी खुलासा मागितला, उद्यापर्यंत. सचिवांनी एवढंच सांगितलं की रविवारी समिती आहे, आपला विषय तसाही आहेच, हाही घेऊ.

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बसवून चहा दिला. त्या वाईट नव्हत्या, आणि शाळेत वीस वर्षं काढलेली बाई जशी बोलते तशा बोलल्या. म्हणाल्या, लिहून द्या की मुलांनी परस्पर चिकटवलं. तुम्ही नव्हताच ना? मीच पाठवलं होतं, मी सही करते. मॉनिटरच्या वडिलांना बोलावून दोन शब्द लिहून घेऊ, विषय संपला.

ते खोटं नव्हतं, हीच अडचण होती. मी नव्हते. मुलांनीच चिकटवलं होतं. चित्रं आणणारी चारही मुलं समितीतल्या कोणाच्या ना कोणाच्या ओळखीची होती. मॉनिटरच्या वडिलांना मात्र ग्वारीघाटचं दुकान बंद करून यावं लागलं असतं आणि वकिलासमोर उभं राहून कबूल करावं लागलं असतं की आमच्या पोरीने शिडी पाडली. ती मुलगी दाराबाहेर उभी होती. मला पाहून म्हणाली, दीदी, मी आधीच बोलली होती की शिडी मावत नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी कोरा कागद घेऊन बसले होते. आई पोळ्या करत होती. बाबांनी हातपाय धुतले, माझ्याकडे पाहिलं. "काहून अशी चूप बसून राहिली?"

मी सगळं सांगितलं. मोठ्या बाईंचं म्हणणंही सांगितलं. कढईवर आई हसली. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, वर काय लिहिलं होतं तू? मी सांगितलं.

"राजकीय म्हणजे पुढाऱ्यांचं," बाबा म्हणाले. "हे तं आम्हाले चौथीत होतं. तुले ठाऊक नव्हतं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं, कारण मला ठाऊक नाही अशी काही गोष्ट त्यांना ठाऊक असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मला अधिकाऱ्याच्या बोलण्याने लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. मी म्हटलं, हिंदीत बरोबर आहे तो शब्द. बाबा म्हणाले, असंन. पण तक्ता मराठीत होता ना?

मग मी चिडून म्हटलं की आता काय, असं लिहून देऊ का की बी.ए. झालेल्या बाईला चौथीतला शब्द येत नाही? समिती मला पक्की करेल?

बाबांनी खाटेखालचा सागाचा तुकडा पायाने आत सरकवला. "पोट्टीनं गोंद लावला," ते म्हणाले. "शब्द तुझा होता."

आईने ताटं वाढली आणि आम्ही जेवलो.

खुलासा मी एकाच कागदावर दोन्ही भाषांत लिहिला, डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी. लिहिलं की तक्त्यावरचं शीर्षक माझं आहे. राजकीय हा शब्द मी हिंदीतल्या अर्थाने वापरला. मराठीत त्याचा अर्थ राजकारणाशी संबंधित असा होतो, तो मला माहीत नव्हता. मुलांनी माझ्या मराठी सूचनेचं तंतोतंत पालन केलं, त्यांची चूक नाही. चौथा चौकोन मी रुंद आखल्यामुळे शिडी आडवी लागली, त्यातही कोणाचा हेतू नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं.

शनिवारी सकाळी शाळेत दिलं. मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, तुम्हाला नोकरी नकोशी झाली आहे का? मग अधिकाऱ्यांची प्रत पाठवून दिली. त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही. मला नंतर कळलं की त्यांनी हिंदीची बाजू वाचून हसत फाइलीत लावली.

वर्गात मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी, आणि दोन्हीकडे 'राजकीय'. खाली दोन अर्थ. मुलांना सांगितलं की माझ्याकडून चूक झाली, मला मराठीचा अर्थ माहीत नव्हता. चौथीची मुलं शिक्षकाच्या चुकीवर किती हसतात हे ज्याने शिकवलं नाही त्याला कळायचं नाही. त्यांनी 'राजकीय पक्षी' म्हणजे टोपी घातलेला दूधराज, मराठीतला स्वर्गीय नर्तक पक्षी, करून दाखवला, हात जोडून मतं मागणारा. एकाने राजकीय झाडाला माइक लावला. दुकानातून आणलेली चित्रंही त्या दिवशी आली होती, तेव्हा आम्ही नवा तक्ता केला. 'आपल्या राज्याची चिन्हे'. बारासिंगा, दूधराज, वड, आणि फुलाचा चौकोन सध्या कोरा.

मग बातम्यांची वेळ झाली. डोळ्यांनी पाहिलेली बातमी त्या दिवशीही मॉनिटरनेच लिहिली. घाटाची नव्हती. तिने लिहिलं: 'आमच्या दीदीला एका शब्दाचा अर्थ नाही येत होता, तिने वर्गात सांगितले.'

मी 'नाही येत होता' चं 'येत नव्हता' केलं. 'दीदीला' चं 'बाईंना' आणि 'तिने' चं 'त्यांनी' केलं. डस्टर माझ्या हातात होता. नेम मीच केला होता. डस्टर खाली ठेवला.

दुपारी शाळा सुटायच्या आधी सचिव आले, मतदानाच्या खोल्यांवर नवी कुलपं घालायला. मी वर्गात होते. दारातून दिसलं की ते फळ्यापुढे उभे आहेत, चष्मा कपाळावर आहे. ते बराच वेळ उभे होते. एका वाक्याला एवढा वेळ लागत नाही. मग गेले.

रविवारच्या बैठकीत मला बाहेर बाकावर बसवलं होतं. आतलं बरंचसं ऐकू येत होतं. एक सभासद म्हणाले, वर्ष संपतं आहे, मोकळं करून टाकू, दुसरी कोणी मिळेल. कोणी म्हणालं, शाळा मराठी, आणि बाईंना मराठी येत नाही, लोक काय म्हणतील? सचिवांचा आवाज आला की खुलासा वाचून घ्या आधी. त्यांनी स्वतःच वाचला, मराठीची बाजू. शिडीच्या वाक्यावर कोणीतरी हसलं, आणि ते संपेपर्यंत सचिव थांबले. मग मला आत बोलावलं.

ते म्हणाले, "चूक आपण कबूल केली, ते ठीक. पण भाषेच्या शाळेत शिक्षकाला भाषा यायला हवी."

या वेळी वाक्य मी मनात जुळवलं नाही. "येते साहेब," मी म्हटलं. "दोन येतात, म्हणूनच असं झालं. एकच येत असती तर मी चुकली नसती."

'चुकली नसती' असंच म्हटलं. ते त्यांनी दुरुस्त केलं नाही.

निर्णय असा झाला की मला पक्कं करायचं नाही आणि काढायचंही नाही. मुदत सहा महिने वाढवली. दर शनिवारी बातम्यांच्या फळ्यावरची मराठी सचिव येऊन तपासतील. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, सहा महिन्यांत सागवान काही सडत नाही.

निवडणुकीत शिडी पडली. कोणी निवडून आलं असेल, कढई की छत्री, आता आठवत नाही. शनिवारी सचिव यायचे आणि खडूने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. मेहुण्याबद्दल मुलांनी एकदा घरी ऐकलेली बातमी म्हणून लिहिलं, तेव्हा त्यांनी त्यातलाही एक दीर्घ ऱ्हस्व केला आणि बाकी तसंच ठेवलं. मी त्यांच्याकडून त्या सहा महिन्यांत पुष्कळ शिकले, हे मान्य करते. मोठ्या बाई म्हणायच्या, आता तुम्ही बोलता तशा जबलपुरात कोणी बोलत नाही. मला ते कौतुक वाटलं नाही, म्हणून घरी आल्यावर मी मुद्दाम करून राहिली म्हणायचे.

सहा महिन्यांनी पत्र आलं. टाइप केलेलं, खाली सचिवांची सही. पहिली ओळ अशी होती: 'शिक्षा समितीच्या निर्णयानुसार आपणांस कायम करण्यात येत आहे.'

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय ते चौथीच्या मुलालाही ठाऊक असतं.

मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. लपवून ठेवणं मला बरं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला. "टायपिस्ट हिंदीवाला आहे," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "सही माझी आहे." त्यांनी हात पुढे केला, द्या, उद्या नवीन करून देतो.

मी पत्राची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "राहू द्या साहेब," म्हटलं. "अर्थ समजला."

बाबांनी ते दारात उभं राहून वाचलं, सावकाश, ओळीवर बोट फिरवत, कारण त्यांना तसंच वाचता यायचं. 'शिक्षा' पाशी बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खाटेखालून सागाचा तुकडा ओढला, फुंकर मारून धूळ उडवली, पटाशी हातात घेतली आणि विचारलं, 'शिक्षिका' मधला पहिला इकार ऱ्हस्व की दीर्घ?

"ऱ्हस्व," मी सांगितलं.

"दुसरा?"

"तोही."

"पक्कं ना? लाकूड आहे."